दोन याद्यांच्या मधलं बाळ

मृत्यूच्या नोंदीत बाळाला नाव नाही. बारसं व्हायचं होतं आणि बाळ सहाव्या दिवशीच गेलं, म्हणून नावाच्या रकान्यात आईचं नाव आणि पुढे 'हिचे बाळ, स्त्री' एवढंच आहे. जन्मवजन १८५० ग्रॅम. कारण : अकाली जन्म, कमी वजन.

मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आशाताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. बालमृत्यूचं परीक्षण कसं करायचं याच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१४ पासून आहेत. घरी जायचं, आईशी बोलायचं, आजार कधी सुरू झाला, कुणी काय केलं, गाडी किती वाजता मिळाली हे क्रमानं लिहून घ्यायचं. या बाळाच्या फॉर्मवर सिस्टरनी लिहिलं होतं : 'घरी भेट दिली. आई घरी नाही. माहेरी, महाराष्ट्र.' त्याखाली सगळा फॉर्म कोरा. त्या कोऱ्या जागेसाठी मी दोन्ही घरी जाऊन आले. घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. गावांची आणि दवाखान्यांची नावं देत नाही.

सासर खानापुरात, माहेर चंदगडात

सासर जांबोटीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीत. नवरा गोव्यात बेकरीत कामाला, महिन्या-दीड महिन्यानं घरी येणारा. माहेर चंदगड तालुक्यात. दोन घरांच्या मध्ये राज्याची सीमा आहे. १९५६ साली ती नकाशावर पडली, पण सोयरिकींना तिनं कधी अडवलं नाही. तुडयेची लेक बेळगुंदीला, बेळगुंदीची शिनोळीला, असंच चाललंय. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजही दोन्हीकडे तोच.

बाळाची आई म्हणजे वीस वर्षांची मुलगी. सासरच्या आरोग्य केंद्रात तिसऱ्या महिन्यात नाव घातलं, तिथलं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.८. गरोदरपणात ते निदान ११ असावं लागतं. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं ते तेवढं नसतं, म्हणून ८.८ पाहून कुणी दचकत नाही. सिस्टर मात्र दचकल्या होत्या. आईचं वजन हवं तसं वाढत नाही, बाळ लहान वाटतं, बाळंतपण मोठ्याच दवाखान्यात करावं, असं त्यांनी कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं. कन्नडमध्ये.

ओटीभरण झालं आणि मुलगी माहेरी गेली. कार्ड पिशवीत गेलं. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ३५ आठवडे झाले असताना कळा सुरू झाल्या आणि माहेरच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात रात्री बाळंतपण सुखरूप झालं. तिथल्या नर्सनं कार्ड पाहिलं होतं. आकडे वाचले, रक्तगट वाचला. ती ओळ तिला वाचता येणं शक्य नव्हतं. मुलीलाही नाही, तिच्या आईलाही नाही. मी मुलीच्या आईला विचारलं, "मावशी, कार्डात काय लिहिलंय ते कुणाला विचारलं नाहीत का?" ती म्हणाली, "कानडी हाय न्हवं ते बाई, आमास्नी काय कळतंय? आमी म्हटलं गोळ्यांचं काय तरी असंल."

भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण जिथे पंधरा टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व राज्यपुनर्रचनेच्या काळापासून कागदावर मान्य आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. गरोदर बाईच्या हातातल्या कार्डावर एक ओळ मराठीत लिहायला कुठल्या निकालाची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर त्या सिस्टरना मराठी उत्तम येतं. घरी गेल्या की मराठीतच बोलतात. कार्डावर कन्नडच लिहायचं, असं त्यांना कुणी सांगितलेलंही नव्हतं. सवयीनं लिहिलं गेलं.

पन्नास ग्रॅम

१८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ नवजात अतिदक्षता कक्षात ठेवायचं, असा साधारण नियम आहे. हे बाळ १८५० ग्रॅमचं आणि ३५ आठवड्यांचं, म्हणजे दोन्ही रेषांच्या जरा वर. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, ते दूध ओढत होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पाठवलं. दवाखान्यानं नियम मोडला असं मी म्हणणार नाही. पण अशा बाळाला घरी पाठवायचं ते एका भरवशावर पाठवायचं असतं : घरी कुणीतरी येऊन बघणार आहे.

तो भरवसा म्हणजे आशाताईंच्या घरभेटी. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, पोट आणि तळपाय हातानं चाचपायचे, दूध ओढतं का ते बघायचं. ही पद्धत मराठी मातीतलीच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत साध्या गावच्या बायकांना हे शिकवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ वर आला. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये देशभर आशांच्या कामात घेतलं गेलं.

आमच्या बाळाकडे तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. माहेरच्या आशाताईंच्या यादीत या मुलीचं नावच नव्हतं. नाव सासरच्या केंद्रात, दुसऱ्या राज्यात. सासरच्या आशाताईंच्या यादीत नाव होतं, पण मुलगी तिथं नव्हती. त्यांनी चौथ्या दिवशी सासूबाईंकडून बाळंतपणाची बातमी ऐकली आणि वहीत लिहिलं, 'माहेरी'. दोघींशीही मी बोलले. दोघीही कामसू आहेत. सगळ्या भेटी पूर्ण केल्या तर आशाला एका बाळामागे २५० रुपये मिळतात. दुसऱ्याच्या यादीतल्या बाळाकडे गेली तर त्या भेटी कुठल्या कागदावर दाखवायच्या? माहेरच्या आशाताईंचं घर या मुलीच्या घरापासून चार घरं सोडून आहे. "मला कळलं असतं तर पैशांचं काय घेऊन बसले असते का मी?" असं म्हणून त्या माझ्यासमोर रडल्या.

गुणाचं बाळ

आता त्या तीन दिवसांबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथंच आहे.

पाऊस कोसळत होता. रोप लावणीचे दिवस, घरातली धडधाकट माणसं शेतात. बाळुती वाळत नव्हती, चुलीवर धरून कोमट करायची आणि तशीच दमट गुंडाळायची. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी होती, म्हणजे आई शेकली जात होती. बाळ मात्र वेगळ्या झोळीत, दाराच्या बाजूला, कारण धुरानं त्याला खोकला येईल अशी काळजी. रोज तेल लावून अंघोळ. पाचवीच्या दिवशी तर दोनदा, कारण संध्याकाळी पूजा होती. पाटावर सटवाई मांडली, कोरा कागद आणि पेन ठेवला. रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून घर जागं होतं. इतकी माणसं जागी होती आणि बाळ गार पडत चाललंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"रडायचं न्हाई, त्रास न्हाई," आजी म्हणाली. "गप पडून ऱ्हायचं. आमी म्हटलं गुणाचं हाय."

हे वाक्य मी आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. दोन किलोच्या आतलं बाळ गप्प राहतं ते बहुधा गुणाचं असतं म्हणून नव्हे, त्याच्या अंगात रडण्याइतकी ताकद उरलेली नसते म्हणून.

नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावं लागतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी फार मोठी, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही, आणि मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. पाठीच्या वरच्या भागात, मानेपाशी जी थोडी खास चरबी असते, ती जाळून ते अंग गरम ठेवतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाकडे तीही पुरेशी नसते. अंग गार पडलं की शरीर साखर जाळू लागतं. साखर उतरली की बाळ सुस्तावतं. सुस्तावलं की दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणजे साखर आणखी उतरणार, अंग आणखी गार होणार. त्यातच जंतुसंसर्गाला वाट मिळते. हा फेरा एकदा सुरू झाला की काही तासांत संपतो.

ओळखायचा मार्ग इतका साधा आहे की लिहितानाही वाईट वाटतं. हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला लावा आणि तळपायाला लावा. दोन्ही ऊबदार तर ठीक. पोट गरम, पाय गार : बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार : बाळ धोक्यात आहे. वजन दोन किलोच्या वर जाईपर्यंत अंघोळ नको, कोमट फडक्यानं पुसायचं. टोपडं, पायमोजे, आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे आईची उघडी छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून आईच्या स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, वरून लुगड्यानं बांधायचं आणि जमेल तितके तास तसंच ठेवायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमारास बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. पुढे भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत एक ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला. २०२१ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलेल्या बाळांपैकी १२ टक्के दगावली, स्थिर होईपर्यंत थांबून मग धरलेल्यांपैकी १५.७ टक्के.

आजीनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहिलीच पाहिजे. "आठव्यातलं होतं न्हवं. सातव्यातलं जगतंय, आठव्यातलं जगत न्हाई." हा समज आमच्याकडे घरोघरी आहे आणि तो साफ खोटा आहे. पोटात राहिलेला एकेक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. पण एखाद्या घरानं आधीच मनात धरलं की हे बाळ राहणार नाही, तर रात्री दोन वाजता गाडी शोधायला पाय निघत नाही. मला आजीचा राग आला नाही. तिची स्वतःची दोन बाळं अशीच गेली होती आणि तिला त्याचं दुसरं कारण कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सहावा दिवस

पहाटे आईनं बाळाला पाजायला घेतलं तेव्हा ते तोंड उघडेना. मामानं १०८ ला फोन लावला. डोंगराच्या त्या अंगाला मोबाइलला बेळगावच्या बाजूचा टॉवर मिळतो, फोन कर्नाटकातल्या केंद्राला लागला. समोरून कन्नड, मग मोडकी हिंदी. गावाचं नाव त्यांच्या यादीत सापडेना, कारण ते गाव महाराष्ट्रातलं. फोन ठेवून मामानं दूधवाल्याची गाडी गाठली. कोल्हापूर लांब, म्हणून बेळगाव. चंदगडची माणसं दुखण्या-खुपण्याला बेळगावलाच येतात.

गाडीत बाळ आजीच्या मांडीवर होतं, ओल्या शालीत. आई पुढच्या सीटवर, कारण ओली बाळंतीण, तिला वारा लागू नये. तासाभराच्या त्या प्रवासात बाळ आईच्या छातीला बांधलेलं असतं तर? दवाखान्यात पोचलं तेव्हा तापमान ३३.४ होतं, साखर फारच खाली. डॉक्टरांनी तापवलं, सलाइन लावलं, दुपारपर्यंत झटले. दुपारी बाळ गेलं.

या बेळगाव जिल्ह्याला जगात बाळंतपणाच्या अभ्यासासाठी ओळखतात, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. २००२ ते २००५ या काळात इथल्याच खेड्यांत, १६२० बायकांच्या बाळंतपणांत, सिस्टरांच्या हातून मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊन पाहिली होती. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला, आणि पुढे ती गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. इतकं शास्त्र ज्या जिल्ह्यानं जगाला दिलं, त्याच जिल्ह्यातल्या एका वाडीच्या सुनेला तळपाय चाचपायचं कुणी सांगितलं नव्हतं. मला याची खंत वाटते.

हे बाळ कुठल्या राज्याच्या हिशेबात?

अर्भक मृत्युदर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं गेली. भारतात तो १९७१ मध्ये १२९ होता, २०२३ मध्ये २५. नमुना म्हणून निवडलेल्या वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी नमुना नोंदणीच्या २०२० च्या आकड्यांत कर्नाटक १९, महाराष्ट्र १६, केरळ ६, मध्य प्रदेश ४३. यातल्या बहुतेक बाळांचा मृत्यू पहिल्या २८ दिवसांतला असतो. त्याच वर्षी देशाचा अर्भक मृत्युदर २८ आणि नवजात मृत्युदर २० होता.

सरासरी आयुर्मान वाढलं ते कसं, हेही इथंच कळतं. १९७०-७५ मध्ये भारतीय माणसाचं जन्माच्या वेळचं आयुर्मान ४९.७ वर्षं होतं, २०१६-२० मध्ये ७०. याचा अर्थ पूर्वी माणसं पन्नाशीत मरायची असा लोक काढतात. आमच्या खेड्यांत तेव्हाही ऐंशी वर्षांचे आजोबा होतेच. पण एक माणूस ऐंशी वर्षं जगला आणि एक बाळ सहाव्या दिवशी गेलं, तर दोघांची सरासरी चाळीस येते. अर्भक मृत्युदर हजारी दहानं घटला की सरासरी आयुर्मानात सुमारे पाऊण वर्षाची भर पडते, हे कागद-पेन्सिलीनं काढता येतं : हजारात दहा बाळं वाचली, प्रत्येकाची साधारण सत्तर वर्षं, झाली सातशे, भागिले हजार. त्या हिशेबानं वीस वर्षांच्या वाढीतली सहा-सात वर्षं केवळ पाळण्यातली बाळं वाचल्यानं मिळालेली आहेत.

आता आमचं बाळ घ्या. जन्म-मृत्यूची नोंद जिथं घटना घडते तिथं होते. म्हणून जन्म महाराष्ट्रात नोंदला गेला, मृत्यू कर्नाटकात. नोंदणीच्या आकड्यांतून कुणी दर काढायला बसलं तर हे बाळ चंदगडच्या छेदात आहे आणि बेळगावच्या अंशात. चंदगडच्या कागदावर ते अजून जिवंत आहे. बेळगावच्या कागदावर ते जन्मलंच नाही, थेट मेलं. नमुना नोंदणीचे आकडे राज्यापुरते असतात, जिल्ह्याचा दर त्यातून निघत नाही, तेव्हा सीमेवरच्या तालुक्यांत नेमकं काय चाललंय हे कळायचं तर अशी एकेक नोंद हातानं जुळवावी लागते. मी गेल्या वर्षीच्या वह्या चाळल्या. सासरच्या आशाताईंच्या एकाच वहीत 'माहेरी' हा शेरा नऊ बाळंतिणींपुढे होता. नवांपैकी कुणाकडेही तिसऱ्या दिवशी कोण गेलं होतं, हे वहीत नाही.

त्यानंतर

वरून आदेश आणायला आम्ही थांबलो नाही. सासरच्या केंद्राच्या सिस्टर आणि चंदगड बाजूच्या उपकेंद्राची नर्स यांची एकदा गाठ घालून दिली, रस्त्यावरच्या एका हॉटेलात चहा घेत. ओटीभरणाची तारीख कळली की सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना फोन करायचा, एवढंच ठरलं. धोक्याची गोष्ट असेल तर सिस्टर कार्डावर लाल पेननं मराठीतही लिहितात. मामाला जो १०८ चा अनुभव आला, त्यावर अजून उत्तर मिळालेलं नाही. म्हणून सीमेवरच्या सहा गावांत गाडीवाल्यांचे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवलेत. पैशांचा प्रश्न तसाच आहे. दुसऱ्याच्या यादीतल्या बाळाच्या भेटींचे पैसे आशाताईंना आजही मिळत नाहीत, तरी त्या जातात, आणि असं फार दिवस चालणार नाही हे मला दिसतं आहे. परीक्षणाच्या फॉर्मवर पत्त्याचा रकाना एकच आहे. आम्ही समासात दुसरा पत्ता लिहितो.

ती मुलगी आता पुन्हा गरोदर आहे, चौथा महिना. हिमोग्लोबिन १०.१. बाळंतपण कुठं करायचं यावर घरात अजून बोलणं चालू आहे. सासूबाई म्हणतात इथंच, आई म्हणते माहेरीच. मी गेले तेव्हा तिनं फोन काढून दाखवला. त्यात दोन नंबर सेव्ह केलेले होते : 'आशाताई सासर' आणि 'आशाताई माहेर'.